दुखंना म्हणून वाहू दिलेला कान

"कान कवापासून वाहतो, मावशी?"

"लई दिवस झाले की. ह्यो पोटात होता तवापासून. पण दुखंना, म्हणून राहू दिलं."

ह्यो म्हणजे शेजारी उभा असलेला मुलगा. त्याच्या कडेवर त्याची स्वतःची दोन वर्षांची लेक होती.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लातूरला कान-नाक-घशाच्या दवाखान्यात बसते. माणसाला किती ऐकू येतं आणि जे ऐकू येत नाही ते कशामुळं, हे मोजणं माझं काम. ऑपरेशन मी करत नाही, पण ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा कान माझ्या खोलीतून जातो, आणि मायक्रोस्कोपला जोडलेल्या टीव्हीवर कितीतरी ऑपरेशनं मी उभी राहून पाहिलेली आहेत.

खरं तर मावशी कानासाठी आल्याच नव्हत्या. आठ दिवसांपूर्वी सकाळचा चहा पिताना तो ओठाच्या डाव्या कडेतून गळायला लागला. डावा डोळा मिटेना. घरच्यांना वाटलं, तोंडावरून वारं गेलं. मालिश करणाऱ्याकडं दोन फेऱ्या झाल्या. मग तालुक्याच्या एका डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "डावा कान वाहतो का?" आणि चिठ्ठी देऊन त्याच दिवशी लातूरला पाठवलं. त्या डॉक्टरांचं मला फार कौतुक वाटतं. वाकडं झालेलं तोंड बघून कानाबद्दल विचारायला सुचणं, यातच अर्धं निदान आलं.

कानाचा आणि तोंडाचा संबंध काय? त्यासाठी कानाच्या आत जरा फिरून यावं लागेल.

बाहेरून दिसतो तो कानाचा पाळा. तिथून साधारण अडीच सेंटिमीटर आत गेलं की पडदा लागतो. सदऱ्याच्या बटणाएवढा, आणि जाडी मिलिमीटरचा फक्त दहावा भाग. पडद्यापलीकडं हवेनं भरलेली एक चिंचोळी खोली आहे, तिला मधला कान म्हणतात. सगळ्यात अरुंद जागी ही खोली जेमतेम 2 मिलिमीटर खोल. त्यात एकमेकांना जोडलेली तीन हाडं लटकतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, लांबी साधारण 3 मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान.

ही हाडं कशाला लागतात, असं शाळेतली मुलं विचारतात. मी त्यांना विहिरीचं उदाहरण देते. पोहताना बुडी मारली आणि काठावरून कुणी हाक मारली, तर काय ऐकू येतं? जवळजवळ काहीच नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून परत फिरतो. आपला आतला कान, म्हणजे अडीच वेढ्यांचा तो शंख, पाण्यासारख्या द्रवानं भरलेला आहे. हवेतला आवाज त्यात शिरावा म्हणून पडदा आणि तीन हाडं मिळून त्याचा दाब सुमारे 22 पट वाढवतात. मोठ्या पडद्यावर पडलेला जोर रिकिबीच्या इवल्याशा तळव्यावर एकवटतो, दाभणाच्या टोकावर हाताचा जोर एकवटावा तसा. पडद्याला भोक पडलं, एखादं हाड झिजलं, की हा जोर गेला आणि माणूस "काय म्हणालात?" करायला लागला.

मधल्या कानात हवा येते ती नाकाच्या मागच्या बाजूनं, एका नळीतून. मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तिरकी असते. बाळात ती आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी. म्हणून लेकराला सर्दी झाली की दोन दिवसांत कान ठणकतो. आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजलं तर ते दूधही या नळीच्या तोंडाशी जातं. बाळाचं डोकं जरा उंच धरून पाजा, हे मी प्रत्येक आईला सांगते.

आता बघा काय होतं. सर्दीनं ती नळी सुजते, मधल्या खोलीत पू साठतो, पडदा बाहेरच्या बाजूला फुगतो. लेकरू रात्रभर रडतं. पहाटे कधीतरी पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि रडणं थांबतं. आई म्हणते, "कान फुटला, आता बरं वाटंल त्याला." आणि खरंच बरं वाटतं, कारण ताण गेला. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कान वाहणं म्हणजे दुखणं निघून जाणं, असं मनात बसलंय. एकदा फुटलेला पडदा बहुतेक वेळा आपणहून सांधतो. पण पुन्हा पुन्हा फुटला, उपचार अर्धवट राहिले, तर भोक कायमचं राहतं. मग आंघोळीचं पाणी बाहेरून आणि सर्दी आतून, दोन्हींनी कान वाहतो. पू साठून राहतच नाही, त्यामुळं ताण नाही, आणि ताण नाही म्हणून दुखतही नाही. मावशीचं "दुखंना" ते हेच.

वाहणारे कान दोन जातींचे असतात, आणि हा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या जातीत भोक पडद्याच्या मधल्या, ताणलेल्या भागात असतं. स्राव भरपूर, तार धरणारा, शेंबडासारखा, फारसा वास नसलेला. सर्दी झाली की येतो, औषधानं सुकतो, महिना दोन महिने कान कोरडा राहतो. डॉक्टर याला बोलताना 'सेफ' कान म्हणतात. सेफ म्हणजे जिवाला फारसा धोका नाही एवढंच. ऐकू कमी येतं ते येतंच.

दुसऱ्या जातीत स्राव अगदी थोडा, पण सतत, आणि घाण वास मारणारा. मावशीनं कापसाचा बोळा काढला तेव्हा तो वास खोलीभर झाला आणि त्यांच्या मुलानं मान खाली घातली. इथं रोग पडद्याच्या वरच्या, सैल भागात असतो. नळी नीट काम करत नसली की मधल्या कानातली हवा कमी पडते आणि पडद्याचा तो सैल भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी बनते. पिशवीला अस्तर असतं कातडीचं. आपल्या अंगावरची कातडी रोज झडते, आंघोळीत निघून जाते. पिशवीतली झडलेली कातडी जाणार कुठं? ती थरावर थर साठत जाते, कांद्यासारखी. त्यात जंतू वाढतात, आणि ही गाठ हळूहळू भोवतालचं हाड खात जाते. वैद्यकात तिला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं 1838 मध्ये दिलेलं हे नाव चुकीचं आहे, कारण नाव सुचवतं तशी ती चरबीची गाठ नाही आणि कॅन्सरही नाही. चुकीच्या जागी वाढलेली साधी कातडी आहे. पण राहते ती फार नाजूक शेजारात.

मधल्या कानाच्या छतावर मेंदू बसलाय, मध्ये हाडाचा पत्रा अंड्याच्या कवचासारखा पातळ. मागच्या बाजूनं मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर जाते. आतल्या भिंतीवर तोल सांभाळणाऱ्या अर्धगोल नळ्या. आणि या खोलीच्या भिंतीतूनच, हाडाच्या बारीक बोगद्यातून, चेहऱ्याची नस जाते. डोळा मिटणं, हसणं, चूळ भरताना गाल घट्ट धरणं, सगळं या एका नसेवर. पंचवीस वर्षांत मावशीच्या गाठीनं तो बोगदा एका जागी खाल्ला होता, आणि नस उघडी पडून सुजली होती. चहा गळायला लागला तो असा.

म्हणून सांगते, वाहत्या कानासोबत चक्कर, तोंड वाकडं होणं, कानामागं सूज, ताप, न थांबणारी डोकेदुखी किंवा उलटी, यातलं काहीही सुरू झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आजची एसटी धरा.

आता माझ्या खोलीत काय चालतं ते सांगते, कारण ऑपरेशननं ऐकू येईल का, याचं उत्तर बरंचसं तिथं असतं. आधी डॉक्टर कंपनकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, वाजवून बघतात, एकदा कानासमोर आणि एकदा कानामागच्या हाडावर टेकवून. निरोगी कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो. मधला कान बिघडलेला असेल तर उलटं होतं, हाडावरचा मोठा वाटतो. माझ्या यंत्रानं हेच मी मोजून कागदावर काढते. एक रेघ हेडफोनमधून दिलेल्या आवाजाची, म्हणजे पडदा आणि हाडांच्या वाटेनं गेलेल्या. दुसरी रेघ कानामागं टेकवलेल्या कंपकाची. ती पडदा टाळून थेट शंखापर्यंत जाते. दोन रेघांमध्ये जी फट दिसते ती मधल्या कानाची चूक. ऑपरेशन ती फट कमी करू शकतं. पण ती दुसरी, कंपकाची रेघच खाली गेलेली असेल, म्हणजे आतला शंख किंवा ऐकण्याची नस कमजोर झाली असेल, तर पडदा कितीही सुंदर बसवला तरी ते गेलेलं ऐकणं परत येत नाही. तिथं ऐकायची मशीन लावावी लागते. आलेख हातात आला की डॉक्टरांना विचारा, "फट किती आहे?" या एका प्रश्नानं पुढची निराशा वाचते.

साध्या भोकाचं ऑपरेशन म्हणजे पडदा बसवणं. मोठ्या माणसात पुष्कळदा कान सुन्न करूनच करतात. पेशंट जागा असतो आणि मध्येच सर्जनच्या हाकेला ओ देतो. कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवर एक पांढरं पातळ आवरण असतं. त्याचा तुकडा घेतात, वाळवतात. वाळला की तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा दिसतो. मग मायक्रोस्कोपखाली भोकाच्या कडा खरवडून ताज्या करायच्या आणि तो तुकडा आतून टेकवायचा. आपल्याकडं केशर आंब्याचं कलम बांधणारा माळी साल ताजी केल्याशिवाय काडी बसवत नाही, ते का, हे इथं समजतं. जुन्या, वाळक्या कडेला काही चिकटत नाही.

मावशीचं ऑपरेशन याहून पुष्कळ मोठं होतं आणि पूर्ण भूल देऊन होतं. कानामागचं हाड ड्रिलनं कोरून गाठीपर्यंत पोचायचं. टीव्हीवर दिसत होतं ते असं: फिरणारं टोक ज्वारीच्या दाण्याएवढं, त्यावर सतत पाण्याची धार, कारण घर्षणाच्या उष्णतेनं जवळची नस भाजू शकते. हाडाचा पांढरा चिखल नळीनं ओढला जातोय. सर्जन आधी वरचं छत शोधतात आणि तिथं थांबतात. मग मागची शीर. पातळ हाडातून ती निळसर दिसायला लागली की तिथंही थांबतात. मग तोल सांभाळणाऱ्या नळीचा पिवळसर, कठीण उंचवटा. या खुणा सापडल्या की चेहऱ्याची नस कुठं असणार याचा अंदाज येतो. नस जेमतेम 1 ते दीड मिलिमीटर जाड. तिच्याजवळ आल्यावर धारदार टोक काढून हिऱ्याच्या बारीक कणांचं टोक लावलं गेलं, आणि हात इतका हळू झाला की मला वाटलं चित्र थांबलंय. गाठ मोत्यासारखी पांढरी चमकत होती. तिचा शेवटचा पापुद्रा उघड्या नसेवर चिकटला होता. तो सोडवायला जो वेळ लागला त्यात ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही.

कान-नाक-घशाच्या सर्जनचं कौशल्य मला त्या तासात सगळ्यात जास्त कळलं. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, त्यावर एमएसची तीन, मग पुष्कळ जण कानाच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतात. देहदानातून मिळालेल्या हाडांवर तासन्‌तास ड्रिल चालवून सराव करतात, आणि देहदान करणाऱ्यांचे उपकार इथं शब्दशः कामी येतात. पण पुस्तकातला कान आणि रोगानं खाल्लेला कान यात फार अंतर असतं. ज्या खुणा बघत जायचं, त्यातली एखादी गाठीनं आधीच पुसून टाकलेली असते. सीटी स्कॅन नकाशा देतो, वाट प्रत्यक्षात शोधावी लागते. कुठं थांबायचं हे ज्याला कळतं, त्याच्या हातात मी माझा कान देईन.

हे काम माणसाच्या उघड्या डोळ्यांना जमण्यासारखं नव्हतंच. पूर्वी छिन्नी-हातोडीनं कानामागचं हाड फोडून पू काढत, जीव वाचवणं एवढाच हेतू. स्वीडनच्या कार्ल नायलेन यांनी 1921 मध्ये कानाच्या ऑपरेशनला पहिल्यांदा मायक्रोस्कोप वापरला. 1950 च्या दशकात जर्मनीत वुलश्टाइन आणि झोल्नर यांनी पडदा आणि हाडांची साखळी पुन्हा उभी करण्याची पद्धत बसवली, आणि 1956 मध्ये अमेरिकेत जॉन शी यांनी जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम तुकडा बसवला. म्हणजे बहिरेपणावर आज जे ऑपरेशन लातुरात होतं, ते माझ्या आजोबांच्या तरुणपणी जगात कुठंच होत नव्हतं.

नाकाच्या बाजूनं या सर्जनांची पोच किती आहे ते 2021 मध्ये सगळ्यांनीच पाहिलं. कोरोनानंतर काळ्या बुरशीचे रुग्ण यायला लागले तेव्हा दुर्बिणीनं नाकातून जाऊन, डोळ्याच्या खोबणीपर्यंत, सडलेला भाग काढायचं काम यांचंच होतं. त्या उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

खर्चाचं लोक दबक्या आवाजात विचारतात. संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख, या सगळ्या सरकारी महाविद्यालयांत कान-नाक-घशाचा विभाग आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या शाखेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथं जा.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं विचारतात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, केलं तर चालंल का? उचल घेतलेली असते, कोयता सोडता येत नाही, हे मला कळतं. साधं भोक असेल, कान कोरडा असेल, तर चालतं. थोडं थांबूनही करता येतं. वास मारणारा कान मात्र हंगामासाठी थांबत नाही. आणि ऑपरेशननंतर काही आठवडे मोळी उचलायची नाही, हे मुकादमाला आधीच सांगून ठेवा. जोरात नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, आंघोळीला व्हॅसलिन लावलेला बोळा घालायचा, डॉक्टर सांगेपर्यंत विहिरीत उडी नाही.

तेलाबद्दल तर मी भांडायला तयार असते. फुटलेल्या कानात लसणाचं कोमट तेल, रुईच्या पानाचा रस, काहीही घालू नका. भोकातून ते सरळ मधल्या कानात जातं. आठवडी बाजारात कान कोरून देणाऱ्याच्या सळईपुढं डोकं धरू नका. लेकरानं कानात हरभरा घातला तर पाणी ओतू नका. हरभरा फुगतो आणि कानाच्या बाहेरच्या वाटेत गच्च बसतो. तसाच घेऊन या, डॉक्टर हुकानं काढतात.

मावशी तीन महिन्यांनी तपासणीला आल्या. त्यांच्या कानातली पोकळी आता बाहेर उघडी ठेवलीय, म्हणजे पुन्हा काही साठलं तर दिसावं. दर सहा महिन्यांनी ती साफ करायला यावं लागणार, आयुष्यभर. गार पाणी आत गेलं तर गरगरतं, तेही त्यांना सांगितलंय. मी आलेख काढला. डाव्या कानाची फट तशीच मोठी होती. सर्जननी आधीच सांगितलं होतं, पहिल्यांदा रोग काढू, हाडांचं वर्षभरानं बघू. मी ते पुन्हा समजावायला लागले, तर त्यांनी मला हातानं थांबवलं.

"ऐकायला उजवा हाय की," त्या म्हणाल्या. मग नातीकडं बघून डावा डोळा मिटून दाखवला. पूर्ण मिटला नाही, पापण्यांमध्ये बारीक फट राहिली. पण नातीनं ओळखलं, आजी डोळा मारतेय, आणि ती खिदळली. मी तिचा कान बघायचा म्हणून तिला जवळ घेतलं. महिनाभरापासून तिलाही सर्दी होती.